वरच्या दोन खोल्या

सांगलीत भाड्याचं घर बघायला आलेला माणूस पाण्याच्या नळाआधी पुराचं विचारतो. पूर येऊन गेल्यावर नदीकडची माणसं आमच्या बाजूला सरकू लागली आणि इथली भाडी वाढत गेली. वडील मिलिटरीतून निवृत्त होऊन कडेगावकडचं गाव सोडून आले, तेव्हा घरामागे ऊस होता. आता तिथे अपार्टमेंट आहेत, तरी लोक खोली मिळेल का विचारत दारोदार फिरतात.

मागच्या मे महिन्यात आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि गेटवर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी लागली. बघायला एक नर्स आली. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. ती आणि तिची आई नदीजवळ तळमजल्यावर राहत होत्या. आईला नीट दिसत नाही. मागच्या पुरात तिला शेजाऱ्यांनी उचलून बाहेर आणलं होतं. या पावसाळ्याआधी कसंही करून उंचावर जायचंच, असं ती नर्स म्हणाली. उतरताना तिने आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, आईकडून पाठ करून घ्यायला.

भाड्यात तिने घासाघीस केली नाही. माझ्या आईने चहा केला. मग वडिलांनी नेहमीसारखं विचारलं, "पै-पाहुणे कुठं कुठं तुमचे?" आमच्याकडे जात विचारायची ही सभ्य रीत. समोरचा नातेवाइकांची गावं, आडनावं सांगत जातो आणि विचारणाऱ्याला हवं ते कळतं.

तिने कप खाली ठेवला. "आम्ही बौद्ध आहोत, काका. आडनावावरून कळत नाही, म्हणून आधीच सांगते. सामान आणून परत हलवायला नको."

वडील म्हणाले, तसलं काही नसतं, कळवतो. तिला सोडायला गेटपर्यंतही गेले. ते आत आल्यावर आई म्हणाली की आपलं काही नाही, पण गावाकडची माणसं येतात-जातात. मी कप उचलत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याला घरात लाजाळूपणा म्हणतात. तो त्या दिवशी माझ्या सोयीचा होता.

"तूच मेसेज टाक तिला," वडील म्हणाले. "इंग्रजीत टाक, म्हंजे वाईट वाटत न्हाई."

मी टाकला. खोल्या आधीच दुसऱ्यांना दिल्या आहेत, तसदीबद्दल क्षमस्व, तुम्हाला लवकरच चांगलं घर मिळो. पाठवण्याआधी दोनदा वाचला आणि एक वाक्य बदलून आणखी नम्र केलं. शेवटी जोडलेले हात टाकले. खोटं इतकं नीट लिहिता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि कबूल करायचं तर ते वाक्य जमल्याचं क्षणभर बरंही वाटलं.

तिचं उत्तर मराठीत आलं. "बरं ताई. मग गेटवरची पाटी काढून टाका. उगाच आणखी कुणाला फेरी पडेल."

पाटी मी काढली नाही. खोल्या रिकाम्याच होत्या. पंधरा दिवसांनी बँकेतलं एक कुटुंब राहायला आलं. त्यांचे पाहुणे वडिलांच्या ओळखीचे निघाले.

ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं आणि नदी चढायला लागली. महापालिकेची माणसं गाडी फिरवून नदीकाठच्या लोकांना बाहेर पडायला सांगत होती. दुपारभर मी फोन हातात घेऊन बसले. शेवटी लिहिलं, मराठीत, की तुम्ही आणि आई सुखरूप आहात ना.

उत्तर लगेच आलं. घर मिळालं नव्हतं. दोघी हॉस्पिटलच्या एका खोलीत राहत होत्या, ड्युटी चालू होती. खाली तिने विचारलं होतं, "काही काम होतं का, ताई? कुणाला अ‍ॅडमिट करायचंय का?"

मी 'नाही' एवढंच लिहिलं. माफीचं एक वाक्य लिहायचं होतं. ते मराठीत मला जमेना, आणि इंग्रजीत लिहायचं धाडस झालं नाही.