पाळणे किती?

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी घरमालकीणसुद्धा. शिवणकारखान्याच्या मागच्या गल्लीत एक लांबट खोली, आणि तीत तेवीस मुलं. पहिली पाळी सातची, त्यामुळे साडेसहालाच झोपाळू पोरांची आईच्या कडेवरून मावशींच्या खांद्यावर बदली व्हायची.

आयांनी दिलेल्या फीमध्ये दूध आणि भाडं जेमतेम भागत असे. त्यात सरकारचा नवा नियम आला: एका बाईने बारापेक्षा जास्त मुलं सांभाळायची नाहीत. नियम चांगलाच होता, आणि मदतनिसाच्या पगारासाठी त्यासोबत अनुदानही होतं. मावशींनी हौसेने फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, 'पाळण्यांची संख्या'. मावशी इतक्या सरळ, की घरात दोनच पाळणे आहेत हे माहीत असूनही उठल्या, मोजून आल्या आणि लिहिलं, दोन. बाकीची एकवीस मुलं सतरंजीवर झोपत.

महिन्याभराने पत्र आलं. दोन मुलांचं अनुदान मंजूर.

आया आधी पोट धरून हसल्या. मग एकीने हिशेब मांडला. एवढ्या पैशात मदतनीस परवडणार नाही, म्हणजे नियम लागू झाला की एक तारखेपासून अकरा मुलं घरी, आणि त्यांच्यामागोमाग अकरा आयाही घरी. बाह्या शिवणारी एक आई म्हणाली, पाहणीपुरते उसने पाळणे आणून ठेवू. चार वर्षांची धटिंगणं पाळण्यात कोंबली तर पाय दोन्हीकडून लोंबतील, असं म्हणून मावशींनी तिला गप्प केलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय गाठलं.

तिथले साहेब तरुण होते आणि बोलायला मऊ. परिपत्रकात क्षमता म्हणजे पाळणेच, असं त्यांनी दोनदा वाचून दाखवलं.

"मग बालवाडीला पैसे देताना वाडी मोजता का हो?" मावशींनी विचारलं.

शेजारच्या कारकुनाला चहाचा ठसका लागला. साहेब हसले नाहीत, पण प्रत्यक्ष पाहणी करून शेरा मारता येतो, एवढं त्यांनी सांगितलं. कधी येऊ म्हणाले. मावशी म्हणाल्या, दुपारी एकला या.

साहेब एकच्या ठोक्याला आले. बूट काढून त्यांनी एक पाऊल आत टाकलं आणि दुसरं टाकायला जागाच सापडेना. भिंतीपासून भिंतीपर्यंत हात, पाय, उघडी तोंडं. पाळणे पार पलीकडच्या कोपऱ्यात. साहेब फाइल छातीशी धरून एका पायावर डुलत राहिले. जागी असलेली एकच मुलगी हा खेळ डोळे मोठे करून बघत होती.

"मला पुढे येता येत नाहीये," ते कुजबुजले.

"मग मोजून झालं म्हणा की," मावशीही कुजबुजल्या.

साहेबांनी दाराला टेकून तिथेच शेरा लिहिला: पाळणे दोन, मुले तेवीस, अनुदान मुलांवर द्यावे. वरचे ऐकतील का, हे मावशींनी न राहवून विचारलंच.

"नाही म्हणाले तर त्यांनाही एक वाजता पाठवतो," साहेब म्हणाले.

तीस तारखेला मंजुरी आली, तेवीसच्या तेवीस मुलांची. एक तारखेला सकाळी नवी मदतनीस हजर झाली, सगळी मुलं आली आणि वर चोविसावंही आलं, कारखान्यात कालच लागलेल्या बाईचं. मावशींनी ते खांद्यावर घेतलं आणि मदतनिसाला म्हणाल्या, "बाई, फॉर्म काढ परत."