व्हीगन सून आणि नांदगावचा बोकड

माझा मोठा भाऊ नांदगावजवळ शेतातल्या घरात राहतो. माझ्या मुलाचं, निखिलचं लग्न झाल्यापासून दादाचा एकच धोशा, "सुनेला कधी आणतेस?" आणि मी टाळत होते, कारण आमची कल्याणी व्हीगन आहे. मटण-मासे तर नाहीतच, दूध, तूप, मधसुद्धा नाही. हे दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "उपास सुटला की आण." शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं गाडीत बसलो.

रस्ता सोपा आहे. नाशिकहून आग्रा हायवेने चांदवड, तिथून मनमाडकडे वळायचं आणि पुढे नांदगाव. रमतगमत गेलात तर तीन तास धरा. टोल लागतो, फास्टॅग भरून निघा. मनमाडच्या पुढे डोंगराचा एक सुळका आकाशात अंगठा दाखवत उभा दिसतो, तिथे फोटोला थांबाच.

चांदवडला मिसळ खाल्ली. दही बाजूला ठेवलं की मिसळ व्हीगनच, हा शोध मला तिथे लागला. चहाला मात्र पंचाईत झाली. कल्याणीने सुतकाच्या घरी देतात तसला बिनदुधाचा चहा मागितल्यावर टपरीवाल्याने आवाज खाली आणून मला विचारलं, "कोणाच्या मातीला चालला का, मावशी?"

दादाच्या अंगणात पोचलो तर लिंबाखाली काळा, तुकतुकीत बोकड बांधलेला. शेजारचे तात्या आधीच येऊन खाटेवर बसले होते. दादा हौसेने म्हणाला, "लग्न ठरलं तवापासून राखलाय, पोरी. तुझ्यासाठी."

पोटबिट दुखतंय म्हण, असं मी डोळ्यांनी खुणावत होते. पण कल्याणी दादाच्या पाया पडली आणि सरळ म्हणाली, "मामा, मी मटण खात नाही. माझ्यासाठी याला कापू नका."

दादा बोकडाशेजारी जाऊन बसला. त्याला राग आला की तो असाच जनावरांपाशी जाऊन बसतो, लहानपणापासून. कल्याणीही जाऊन मातीतच बसली.

"आज नाय कापला तर बाजारात जाईल," दादा म्हणाला. "तिथं कोणीतरी कापंलच."

"माहीत आहे."

"मग फरक काय पडला?"

"त्याला कदाचित नाही पडणार. मला पडेल."

दादाने बोकडाचा कान खाजवला. "तुमच्यासारखी पोरं वाढली अन् उद्या कोणीच खाईना झालं, तर शेळ्या पाळंल कोण? मोकळ्या सोडल्या तर लांडगं खातील."

"आता कारखान्यात मटण बनवायचे प्रयोग चाललेत, मामा. जनावर न मारता."

"त्याला रस्सा कसला सुटतोय!" तात्या खाटेवरून ओरडले.

कल्याणी हसली, मग गंभीर झाली. "शेळ्यांचं काय होईल, ते मला खरंच माहीत नाही."

दादाने तिच्याकडे नीट पाहिलं. शहरातल्या पाहुण्यांना सगळंच माहीत असतं, याची त्याला सवय होती. तो उठला आणि वहिनीला हाक मारली, "पाटवड्यांचा रस्सा टाक गं. तेलातला. तूप नको."

काळ्या मसाल्याचा तो झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, ठेचा. तात्या "ह्याच्यासाठी सकाळपासून उपाशी बसलो का?" म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

निघताना वहिनीने कल्याणीच्या खांद्यावर घोंगडी टाकली. ही अडखळली. "मामी, लोकर..."

"मेंढी मारत नाय, कातरत्यात. उन्हाळ्यात अंगावर ठेवली तर तीच हैराण होती."

"म्हंजे ते फरवाले वेगळे," दादा म्हणाला. "आमच्या पुतण्याच्या मोबाइलात बघितलं. कोटासाठी कोल्हे पिंजऱ्यात पाळत्यात. तसलं आम्हाला पण नाय जमायचं."

परतताना थंडी मी म्हणत होती. मनमाडपर्यंत घोंगडी कल्याणीच्या मांडीवर होती, चांदवडला पाहिलं तर फक्त नाक बाहेर. "ही चालते का मग?" निखिलने विचारलं.

"अजून विचार करतेय," घोंगडीच्या आतून आवाज आला.

पुढच्या आठवड्यात दादाचा फोन आला. बोकड बाजारात दिला होता. "सुनेला सांगू का नको?" तो कचरत होता. मी फोन तिच्याच हातात दिला. ऐकून तिचे डोळे भरले, पण म्हणाली, "खरं सांगितलंत, बरं झालं मामा." मग दोघं बराच वेळ बोलत राहिले. शेळीचं दूध माणसांनी काढून घेतलं तर करडं कशी वाढतात, असं काहीतरी ती विचारत होती आणि दादा पलीकडून खो खो हसत होता.

त्या रविवारी आमच्याकडे मटण होतं. मी केलं, खाल्लंही, चवही नेहमीसारखीच लागली. फक्त जेवताना पहिल्यांदाच वाटलं की याचेही कोणीतरी कान खाजवले असतील. एरवी घेते ती दुसरी भाकरी मात्र मी घेतली नाही.