भाऊजींचं बक्षीस

सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या मुलांना एक गणित दुसऱ्यांदा समजावत होते. "गेले," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "धावपळ करू नको. पोळी खाऊन निघ. इथं आज चूल पेटत नाही." आवाजात रडं नव्हतं. दूधवाला येऊन गेला हे सांगावं तसं तिने सांगितलं. गेले ते माझे भाऊजी, शोभाताईचे यजमान, उभी हयात अकोल्याच्या कोर्टात वकिली केलेले. मी मुलांना सुट्टी दिली, कालची भाजी गरम करून पोळी खाल्ली आणि ऑटोने बडनेरा स्टेशनला निघाले. खोटं कशाला सांगू, पोळी गोड लागली.

बडनेऱ्याच्या फलाटावर गुलाबराव हमाल भेटला. तो आता फारसं ओझं उचलत नाही, बाकावर बसून ओळखीच्या लोकांना रामराम करतो. "वकीलसायेब लय दिवसांत दिसले नाही, बाई." मी म्हटलं, आजच सकाळी गेले. त्याने खांद्यावरचा गमछा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला. "मोठा मानूस होता. त्याइच्या हातातली नोट आमी लय पाह्यली... घेतली कदीच नाही." आणि तो हसला. प्रसंग काय आहे हे ध्यानात येऊनही त्याला हसू आवरेना, आणि मलाही. मग त्याने विचारलं, "बॅग उचलू का?" माझ्याजवळ एक पिशवी होती. मी नको म्हटलं.

ती नोट काय भानगड होती, हे सांगायलाच हवं. अमरावतीच्या कोर्टात तारीख असली की भाऊजी फायलींची पत्र्याची पेटी घेऊन बडनेऱ्याला उतरायचे. हमाली आधी ठरवायचे आणि ठरली तेवढी चोख द्यायचे, त्यात कधी घासाघीस नाही. पण गाडीतून उतरताच ते खिशातून शंभराची एक कोरी नोट काढायचे, तिची उभी घडी घालायचे आणि ती दोन बोटांत धरून हमालाच्या पुढे चालायला लागायचे. हमालाची नजर त्या नोटेवर. पुलाच्या पायऱ्या चढताना नोट वर जायची, उतरताना खाली यायची. ऑटोपाशी पेटी ठेवली की भाऊजी तिला एक फेरी मारायचे, कोपरा चाचपायचे, आणि मान हलवायचे. "आपटलीस." किंवा, "हळू आलास." किंवा काहीच न सापडल्यास, "चेहरा पाडून उचलली तू." ठरलेली हमाली हातावर ठेवायची आणि नोट परत वरच्या खिशात. "बक्षीस मागून भेटत नसते, बावा. मी खुश झालो तर भेटते. अन् आज मी खुश नाही झालो." आम्ही घरचे हसायचो. हमालसुद्धा ओशाळं हसायचे. नवा कोणी असला तर नोटेच्या मागे धावत यायचा, आणि त्या दिवशी भाऊजींना जेवण जास्त जायचं.

माणूस वाईट होता असं एका शब्दात लिहून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. माझे यजमान गेले तेव्हा दिरांनी मला घराबाहेर काढायचा घाट घातला होता. भाऊजी माझ्यासाठी उभे राहिले, घर मला मिळवून दिलं, आणि फीचं नाव काढलं नाही. त्या घरात मी आज बसून हे लिहिते आहे. ते उत्तम बोलायचे, गझला पाठ होत्या, आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याला पोट धरून हसवायचे. फक्त दर दिवाळीला, फराळाच्या पाटावर, चारचौघांत विचारायचे, "काय साळीबाई, छप्पर गळत तर नाही ना?" मी नाही म्हणायचे. मग ते म्हणायचे, "मग हस ना थोडी." आणि मी हसायचे, कारण छप्पर खरंच गळत नव्हतं.

ताईसाठीही एक नोट होती. लहानपणी वडाळीच्या तलावावर काकांनी आम्हाला होडीत बसवलं होतं. मी सारा वेळ रडले, आणि ताई उतरायलाच तयार होईना. तिला मोठ्या बोटीतून समुद्रावर जायचं होतं, जिथून जमीन दिसत नाही तिथे. हे तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याला सांगितलं, तिथेच चुकली. "नेतो की," भाऊजी म्हणाले, "तू मले खुश ठेव." मग दर उन्हाळ्यात बोटीची गोष्ट निघायची. जाहिरातीची कात्रणं यायची, जेवणाच्या टेबलावर पसरायची, ताईचा चेहरा फुलायचा. आणि मग वरणात मीठ जास्त व्हायचं, किंवा त्यांचा आवडता सदरा इस्त्रीत पिवळा पडायचा, किंवा ती माहेरी एक दिवस जास्त राहून यायची. "आता राह्यलं," ते म्हणायचे. ती जन्मभर त्या बोटांकडे पाहत चालली.

शेवटी बोटीचा योग आला तो मुलामुळे. निखिल मुंबईला नोकरीला. वडिलांनी वकिली सोडली तेव्हा त्याने परस्पर गोव्याच्या क्रूझची तिकिटं काढली, आईबाबांची आणि सोबतीला माझं. भाऊजींना हे फारसं आवडलं नाही. बोट त्यांच्या हातून जायला हवी होती. पण मुलाने पैसे भरले होते, नाही म्हणता येईना. ताईने जांभळी साडी घेतली, पायात नवे बूट घेतले आणि घरातल्या घरात ते घालून चालायची सवय केली. मुंबईत निखिलने आम्हाला धक्क्यावर सोडलं आणि तो ऑफिसला गेला. ते टर्मिनल म्हणजे विमानतळासारखंच काहीतरी होतं, काचाच काचा. तिथली रीत अशी, की दारातच बॅगांना खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावून त्या हमालाच्या हवाली करायच्या. तो त्या ढकलगाडीवर रचतो, आतल्या वाटेने पाठवतो, आणि संध्याकाळी त्या बोटीवरच्या तुमच्या खोलीच्या दारात येऊन पडतात. आमच्या पुढचे सगळे लोक बॅग देत होते, हमालाच्या हातावर काही ठेवत होते आणि मागे वळूनही न पाहता आत जात होते.

आता बडनेऱ्याला वाढलेल्या माणसाला हे कसं पटावं? हमालाच्या पाठीवरून नजर हलवायची नाही, हे आम्हाला आईच्या दुधासोबत मिळालेलं. भाऊजींनी मात्र सवयीने खिशातून नोट काढली, उभी घडी घातली आणि दोन बोटांत धरली. "खोलीच्या दारात ये. तिथं देतो." हमाल तोंडात काहीतरी चघळत होता. "मी बोटीवर येत नाही, काका. माझं काम इथंच संपतं."

"मग काम पाह्यल्याशिवाय बक्षीस कसं देऊ?"

"नका देऊ," तो म्हणाला. "बॅगा द्या, मागे लाइन आहे." त्याने नोटेकडे पाहिलंच नाही. तो काही फार मानी माणूस वगैरे नव्हता, त्याला फक्त कंटाळा आला होता. पण भाऊजींच्या हातातली नोट तशीच हवेत राहिली. मागचे लोक पाहत होते. मी त्यांना कधी इतकं लाल झालेलं पाहिलं नव्हतं, आणि मला आतून बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

कारण त्यांनी नोट खिशात ठेवली आणि ते ताईकडे वळले. "शोभा, तू इथंच थांब. बॅगा आत जाईपर्यंत त्याइच्यावरची नजर हलवू नको. मी निरोप धाडीन, तवा ये." तिघांचे कागद त्यांच्या गळ्यातल्या पाउचमध्ये होते. ताईचा मोबाइल आणि पर्स त्यांनीच सकाळी बॅगेत कोंबली होती, गर्दीत चोरीला जाते म्हणून. मी म्हटलं, "भाऊजी, काहून उभी करता तिले? चालू द्या ना सोबत." ते म्हणाले, "सामान कोण पाह्यते, तू?" आम्ही आत गेलो. रांग, तपासणी, परत रांग. काचेतून ताई दिसत होती. जांभळी साडी, एक हात ढकलगाडीच्या दांडीवर. ती आमच्याकडे पाहत नव्हती. तिला बॅगांकडे पाहायला सांगितलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तिसऱ्या मॅडम कुठे? "येतात," भाऊजी म्हणाले. मी दोनदा म्हटलं, तिला बोलावून आणते. "बॅगा जाऊ दे. मंग." शेवटची सूचना झाली तेव्हा मी त्यांच्या पाउचमधून तिचे कागद ओढून काढले आणि उलटी पळाले. बाहेर ढकलगाडी केव्हाच गेली होती. ताई त्याच फरशीवर उभी होती. "अगं, चल ना!" मी ओरडले. ती म्हणाली, "त्याइचा निरोप आला का?" ... आम्ही पळालो. नव्या बुटांनी तिला पळता येईना. दाराशी पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. आतल्या माणसाने हात जोडून मान हलवली. त्याच्या मागे, काचेपलीकडे, भाऊजी होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. हात वर केला, मला वाटलं बाहेर येताहेत. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवलं, मान हलवली, आणि वळून आत गेले. ती मान मी ओळखते. पेटीभोवती फेरी मारल्यावर हलायची तीच.

बोट निघाली ती आम्ही बाहेरच्या कठड्यापाशी उभ्या राहून पाहिली. ताई रडली नाही. "केवढी मोठी आहे नाई?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तो हमाल चहा पीत बाहेर आला. आम्हाला पाहून त्याला आश्चर्य वाटलं. "काकू, बॅगा गेल्या आणि तुम्ही इथंच?" ताई मला म्हणाली, "त्याले दे काही. नीट रचल्या त्यानं." मी दिले. "आता कशाला," तो म्हणाला, आणि घेतले. निखिलच्या घरी जाताना गाडीत माझा मोबाइल वाजला. भाऊजी होते, प्रसन्न आवाज. "बॅगा आल्या बरं का! तिन्ही. बरोबर दारात." मग रेंज गेली.

पुढची कितीतरी वर्षं हा किस्सा अकोल्यात गाजला. कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये, लग्नांच्या पंगतीत, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर. "बायको राह्यली, पण सामान पोचलं!" टाळी देत हसायचे. ताई चहाचा ट्रे घेऊन यायची तेव्हा नेमका शेवट चालू असायचा, आणि तीही हसायची. निखिलने परत तिकिटं काढतो म्हटलं. ती म्हणाली, नको, पाहून झाली.

मग भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ज्या वाचेवर घर चाललं, तिच्यातून आता नुसता एक हुंकार निघायचा. त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे खाली उतरणं संपलं. चाकाची खुर्ची आणली. ताईने सेवा केली ती अशी, की डॉक्टर इतरांना उदाहरण द्यायचे. अंगाला एक जखम नाही, चादरीला एक डाग नाही. त्यांना एकच हवं असायचं. दुपार कलली की डावा हात उचलून ते गॅलरीकडे दाखवायचे. तिथून कोर्टाकडे जाणारा रस्ता दिसतो, काळे कोट दिसतात.

एकदा मी गेले असताना त्यांनी असाच हात दाखवला. ताईने खुर्ची हळूच ढकलत नेली, गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत. तिथे थांबली. खुर्चीला एक फेरी मारली. त्यांच्या गुडघ्यावरची चादर नीट केली, चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आज राह्यलं," ती म्हणाली. "आज मी खुश नाही झाली." आणि खुर्ची वळवून परत आत घेऊन आली. रागाचा लवलेश नाही, अगदी मऊ आवाज. मी चहाच्या कपात पाहत राहिले. तिने पहिल्यांदा असं केलं तेव्हा म्हणे ते हसले होते, अर्ध्या तोंडाने. आपलाच डाव त्यांनी ओळखला असणार. मी पाहिलं तेव्हा हसणं संपलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, ज्याने माझं घर वाचवलं तो माणूस, आणि मी उठून खुर्ची ढकलली नाही. मला त्यांची दया आली, हे खरं. आणि काचेपलीकडचं ते घड्याळावरचं बोट आठवलं, हेही तितकंच खरं.

ते गेले त्या दिवशी मी अकोल्याला पोचले तेव्हा तयारी झाली होती. जिना अरुंद, वळणाचा. घरच्या माणसांना ते जमेना, म्हणून शववाहिकेवरच्या दोघांनी पुढे होऊन भाऊजींना खाली नेलं. एक वरून, एक खालून, कुठे भिंतीला लागू न देता. खाली पोचल्यावर त्यांतला एक रेंगाळला, खाली मान घालून म्हणाला, "खुशीनं काही..." निखिल खिसे चाचपू लागला. ताई मागोमाग जिना उतरून आली होती. तिच्या दोन बोटांत एक नोट होती, उभ्या घडीची, घडीवर तपकिरी झालेली. ती भाऊजींच्या खिशातली होती हे मी शपथेवर सांगेन. तिने तिरडीला शांतपणे एक फेरी मारली. बायका म्हणाल्या, प्रदक्षिणा घातली. मग तिने नोट त्या माणसाच्या हातात दिली.

"घे बावा," ती म्हणाली. "आज मी खुश झाली."

लोकांना वाटलं, दुःखाने बाईचं डोकं ठिकाणावर नाही. दोघीतिघींनी तिला जवळ घेतलं.

गेल्या सोमवारी मी अकोल्याला जाऊन आले. चाकाची खुर्ची कोणा गरजूला देऊन टाकू, असं निखिल म्हणतो आहे. पण ती गॅलरीत होती, अगदी कठड्याला भिडवून, तोंड रस्त्याकडे. पाठीवर भाऊजींचा पांढरा सदरा चढवला होता, वरचा खिसा रिकामा, नोटेच्या घडीमुळे जरा फुगीर राहिलेला. खाली कोर्ट सुटलं होतं, काळे कोट चालले होते. मी विचारलं, "ताई, हे इथं काहून ठेवलं?"

ती मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"त्याइले रस्ता पाह्याचा होता ना," ती म्हणाली. "पाहू दे आता, किती पाह्यतात ते."