टोक दाराकडे

माझा मामा जोडे दुरुस्त करतो. लोक त्याला तोंडावरच ‘होयबा’ म्हणतात, कारण दुकानाच्या उंबऱ्याशी आलेल्या माणसाला त्यानं आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. टाच उसवली? होय. तळ बदलायचा? होय. कधी? उद्या.

जोड्यांचं काम त्याला शिकवलं सासऱ्यानं. म्हातारा कडक. त्याचा एकच नियम होता. काम बाकी असलेल्या जोड्याचं टोक आपल्याकडे, काम झालं की टोक दाराकडे. जोड्याला वाट दाखवायची, म्हणायचा.

एका वर्षी मामाच्या दुकानात एकशे त्र्याऐंशी जोड साचले, आणि सगळ्यांची टोकं मामाकडे. फळ्या भरल्या, जमीन भरली. मामा एकाला दोन टाके घाली, दुसऱ्याला खळ लावी, ती वाळेतोवर तिसरा उचली. संध्याकाळी पाहावं तर एकही पुरा नाही. पुढे पुढे तर नुसता आरी हातात धरून बसायला लागला. मला म्हणाला, “वाड्यातल्या बैठकीला उशिरा गेल्यासारखं वाटतं रे. सगळे आधीच येऊन बसलेत आणि कोणी बोलत नाही.”

त्यातला एक जोड शाळेतल्या बाईंचा. बाईंचा डावा पाय दोन बोटं आखूड, म्हणून डावा तळ जाड करायचा होता. अकरा वेळा येऊन गेल्या होत्या. शुक्रवारी आल्या त्या बसल्याच नाहीत.

“होयबा, सोमवारपासून मला वरच्या मजल्यावरचा वर्ग दिलाय. ह्या पायानं जिने चढले तर खुबा जाईल म्हणतात डॉक्टर. जोडा नसेल तर मी राजीनामा देणार.”

“होय बाई. उद्या.”

बाईंनी फक्त फळीकडे पाहिलं आणि लंगडत गेल्या.

 कुलूप लावायच्या आधी मामानं काय करावं? सगळेच्या सगळे जोड, कामाला हात न लावता, टोकं दाराकडे करून ठेवले. एकदम मोकळं वाटलं. घरी जाऊन दोन घास जास्त जेवला.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर एकशे त्र्याऐंशीच्या एकशे त्र्याऐंशी आत तोंड करून.

घरी आला तो मामीवरच घसरला. “तू गेली होतीस दुकानात?”

“मला घरातल्या चपला सरळ करायला फुरसत नाही, तुमच्या कुठं करू? आणि किल्ली तुमच्याच कमरेला की!”

मामानं पुन्हा सगळे फिरवले. जिद्दच धरली म्हणा, नाहीतर अक्कल गहाण. तो दिवस त्यातच गेला.

रविवारी सकाळी जोड नुसते वळले नव्हते, पुढे सरकले होते. जमिनीवर कातड्याचा भुसा असतो, त्यात वीतभर लांबीचे ओरखडे उमटले होते. मामाच्या बसायच्या तरटाभोवती त्यांनी कोंडाळं केलं होतं. मधे एका माणसाला मांडी घालता येईल एवढीच जागा. आणि त्या जागेत, तरटावर, बाईंचा जोड.

पळावं असं वाटलं, मामा सांगतो. पण बाईंचा जोड बघायला तो कोंडाळ्याच्या मधे शिरला होता, आता पाय उचलायचा तर पुन्हा कुणाला तरी ओलांडावं लागणार. म्हणून बसला. बाकीचे दिसू नयेत म्हणून रिकामी पोती कोंडाळ्यावर टाकली आणि बाईंचा डावा उचलला. रापीनं कातडं कापलं, थरावर थर चिकटवले, टाके घातले. पोत्यांखाली मधूनच काहीतरी करकरायचं, नवा जोडा घालून कुणी अवघडून बसावं तसं. मामानं मान वर केली नाही. खळ वाळेपर्यंतसुद्धा दुसऱ्या जोड्याला हात लावला नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा जोड झाला. टोक दाराकडे करून ठेवला, अन् कुलूप.

सोमवारी, शाळा भरायच्या आधी, दुकान उघडलं. बाईंचा जोड ठेवला तसाच. बाकीचे हातभर मागे सरकलेले.

बाई आल्या, जोडा घातला, दोन येरझाऱ्या मारल्या. खांदे सारखे. “होयबाचं काम झालं? आज आभाळच कोसळणार,” म्हणाल्या आणि वरच्या वर्गाकडे चालू लागल्या. पाठोपाठ एक गृहस्थ बूट घेऊन आले.

“नाही,” मामा म्हणाला. “पुढच्या महिन्यात या.” आयुष्यातलं पहिलं ‘नाही’.

तेव्हापासून संध्याकाळी एकच जोड तरटावर ठेवायचा आणि सकाळी तोच करायचा. तो संपल्यावर दुसरा. ढीग उतरायला सात महिने लागले.

“पण मामा, वळवत कोण होतं?” मी विचारलं.

“कामं पडलेली असताना ह्या चौकशा कोण करत बसणार?”

आता फळीवर नऊ जोड असतात, फार तर दहा. तरी सकाळी कुलपाला किल्ली लावायच्या आधी मामा दोनदा मोठ्यानं खोकतो, आणि जरा थांबतो.