नाथाजी आणि माझी गवताची गंजी

उंब्रजला आमच्या आळीत नाथाजीला सगळे ‘बंब’ म्हणतात. बारसं अर्थात मीच केलं. गडी फौजेत दारूगोळ्याच्या डेपोवर आग विझवायच्या तुकडीत होता. पेन्शन सुरू झाली, ड्युटी काही सुटली नाही. लग्नात लोक पंगत धरतात, हा आचाऱ्याच्या कढईशेजारी झाकण घेऊन उभा. पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं की भडका उडतो, झाकण टाकलं की हवा तुटते, हे त्यानं एकदा बोहल्यावरच्या नवरदेवालाही ऐकवलंय. शालूवहिनी म्हणतात, ह्यांच्याशी संसार म्हणजे रोजची कवायत.

यंदा दिवाळीनंतर मी डोंगरातलं गवत कापलं आणि पाऊस आला. अर्धवट वाळलेलंच गोठ्याला खेटून रचलं. दोन म्हशींची वर्षाची वैरण ती. तीन आठवड्यांनी परड्यात गोडसर वास सुटला. गुऱ्हाळं लागली वाटतं, म्हणून मी घरात काकवीची फर्माईशसुद्धा करून टाकली.

तेवढ्यात नाथाजी पहार घेऊन हजर. गंजीत खुपसली, जरा वेळानं ओढली, टोकाला हात लावला आणि झटकला. मी विचारलं, “डॉक्टर, ताप किती?”

“गुऱ्हाळाला अजून जाळ न्हाई, गड्या. ह्यो वास तुझ्या गंजीचा हाय.”

ओलं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापत जातं, काडीची गरज लागत नाही, असं तो म्हणाला. मी गंजी उपसायला धावलो, तर त्यानं दंड धरून मागं ओढलं. एकदम हवा लागली की पेट घेईल. आधी म्हशी बाहेर, मग पाण्याचा पाईप, मग एकेक पेंढी, भिजवत भिजवत. चौथ्या थराला गवत कोळशासारखं काळं निघालं आणि धुरायला लागलं.

पाणी मारता मारता मी विचारलं, आम्ही एवढं हसतो, तुला राग येत नाही का. तो पेंढ्या ओढत राहिला. मग खाली मान घालूनच बोलला.

“डेपोत एकदा मला जळकट वास आलता. हसतील म्हून बोललो न्हाई. माझा जोडीदार गेला त्यात.”

अर्धी वैरण गेली. गोठा राहिला, म्हशी राहिल्या. तो ‘बस’ म्हणेपर्यंत मी पाईप धरून उभा राहिलो.