पाइपातलं वारं

बायको आठ दिवसांसाठी चंदगडला माहेरी गेली होती. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वेळच्या वेळी थेंब घालायला कुणीतरी हवं होतं. जाताना दारातून मागं वळून ती म्हणाली, "तेवढा बाथरूमचा नळ बघा. प्लंबरला बोलवा, स्वतः काही करत बसू नका."

नळ पावसाळ्यापासून ठिबकत होता. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या हाताला वळण आहे असं लोक म्हणत आले, आणि मीही ते खरं मानत आलो. नळ बदलायचा म्हणजे काय, दोन नट सोडायचे आणि दोन आवळायचे.

शाहूपुरीतल्या एका दुकानातून नवा मिक्सर नळ आणला. एका बाजूनं गरम, एका बाजूनं गार आणि मधे पाण्याला एकच तोंड. दुकानदार म्हणाला, "पावणं, बसवायला माणूस देऊ काय?"

"नको. मी बसवतो."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिशवीत पांढऱ्या टेपचं अजून एक रीळ टाकलं. "असूं दे. लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. आमच्या जिन्याच्या खोलीवर गार पाण्याची टाकी आहे आणि तिच्यापेक्षा खाली, गच्चीच्या कडेला, पाणी तापवायचा सोलर. दोन्हींचे व्हॉल्व्ह बंद केले. थंडीचे दिवस होते, पण आभाळ लख्ख होतं. सोलरच्या काळ्या काचेत एक घार गोल फिरत होती. वर बघितलं तर तीच घार उलट्या दिशेनं फिरताना दिसली. पुन्हा काचेत बघितलं, पुन्हा वर. असा किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. पाना हातातच राहिला होता.

नळ मात्र छान बसला. टेप गुंडाळली, नट आवळले, भिंतीला समांतर आहे का ते एक डोळा मिटून तपासलं. वर जाऊन व्हॉल्व्ह उघडले आणि खाली येऊन आधी गार बाजू फिरवली. पाणी धो धो आलं. मग गरम बाजू फिरवली. नळ दोनदा खोकला, लांब उसासा टाकला आणि गप्प झाला.

मी वाट बघितली. पाणी यायला वेळ लागत असेल. बादलीच्या काठावर हात ठेवून बसून राहिलो. काही आलं नाही.

पुन्हा गच्चीवर. सोलरचा व्हॉल्व्ह उघडाच होता. टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला तर चटका बसला. म्हणजे पाणी होतं, तापलंही होतं. पाइपावर हात ठेवत पुढं गेलो. कठड्यापाशी पाइप गारठलेला. खाली येऊन नळाच्या तोंडाची जाळी काढली. तिच्यात पांढऱ्या टेपचे चार तुकडे अडकले होते. आता सापडलं, असं वाटून इतका आनंद झाला की एकटाच हसलो. जाळी धुऊन बसवली. नळ पुन्हा खोकला आणि पुन्हा गप्प.

दोन दिवस मी गॅसवर पातेलं तापवून आंघोळ केली. वर टाकीभर पाणी वाफाळत होतं आणि त्याच्या खाली दहा-बारा फुटांवर मी पातेलं चिमट्यानं धरून बाथरूमकडं जात होतो. दुपारी डोळा लागायचा तेव्हा भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज यायचा. उठून नळाला हात लावला की तो कोरडा. प्लंबरला बोलवायला मन होईना. त्याला आधी सांगावं लागलं असतं की नळ मी बसवलाय.

रविवारी अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. कुरुंदवाडला तिचं घर, नदीकाठी ऊस आणि गोठ्यात चार म्हशी. दर रविवारी ती फोन करते आणि जेवलास का एवढं विचारून ठेवते. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. 

"खोकलाय म्हंतोस?" तिनं शेवटी विचारलं.

"दोनदा. मग उसासा टाकल्यासारखं."

"आरं, मग पायपानं वारं धरलंय की! आमच्या उसाच्या लायनीचं असंच हुतंय. नदी भरून वाहतीया, मोटर चालू हाय आणि सरीत थेंब न्हाय. पायपात चढ आला की तितं वारं बसतंय आडवं."

"मग काय करायचं?"

"तू काय करू नकोस. मी येतो."

अक्का स्वतःबद्दल बोलताना 'येतो, जातो' असंच म्हणते. आमच्याकडं पुष्कळ बायका म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती आली. पाणीसुद्धा न पिता थेट जिना चढली. गच्चीवर चपला काढल्या, पाइपावर तळहात ठेवला आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तशी हळूहळू पुढं सरकत गेली. मी तिच्या मागून. ऊन कोवळं होतं. खालच्या गल्लीतले आवाज वर येईपर्यंत विरघळून जात होते. अक्कानं डोळे मिटले होते. मला वाटलं, आता ही असंच चालत चालत कठड्यापलीकडं जाईल आणि पाइपाबरोबर नदीपर्यंत पोचेल.

कठड्यापाशी ती थांबली. तिथं पाइप कठड्यावरून जायला वर चढत होता आणि पलीकडून भिंतीवर उतरत होता.

"हितं बसलंय," ती म्हणाली. "तू पायप रिकामा केलास, ह्यो चढ वाऱ्यानं भरला. वरनं येणाऱ्या पाण्यात त्याला ढकलायचा जोर न्हाय."

"मग इथं पाइप कापूया?"

"गप. शेतात आमी चढावर भोक ठेवतो, वारं जायला. तुझ्याकडं कापाकापी नको. खालनं ढकलायचं." तिनं वरच्या टाकीकडं बोट केलं. "गार पाण्याची टाकी उंच हाय का न्हाय? मग गार पाण्याला जोर जास्ती. तुझ्या नळाला तोंड एकच. ते तोंड तळव्यानं गच्च दाब आणि दोन्ही बाजू उघड. गार पाण्याला भाईर वाट न्हाय, मग ते गरमच्या पायपातनं उलटं वर चढतंय. वारं म्होरं घालून आणतंय टाकीत."

सोलरच्या टाकीवर एक उभी नळी असते, वाफ जायला. अक्का तिच्याजवळ कान लावून बसली. मी खाली बाथरूममध्ये गेलो आणि खिडकी उघडी ठेवली, म्हणजे तिचा आवाज ऐकू येईल. तळहात नळाच्या तोंडावर दाबला, दोन्ही बाजू फिरवल्या. बोटांच्या फटींतून गार पाणी उडालं. तोंडावर, छातीवर, चष्म्यावर. काही दिसेना. पाणी हाताला आतून ढकलत होतं, एखादं जनावर दार ढकलतं तसं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि डोळे मिटले. भिंतीत खोलवर काहीतरी सरकल्यासारखं वाटलं.

"अक्का, काय ऐकू येतंय काय?"

"न्हाय. दाबून धर!"

पुन्हा शांतता. हात बधिर झाले.

मग वरून तिची आरोळी आली, "बोललं! बोललं रं! गुडगुडतंय! आगं आई, तोंडावर फवारलं!" आणि त्यामागून हसू. साठी उलटून गेलेली माझी बहीण गच्चीवर एकटी खदखदून हसत होती. ते हसू मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी हात काढला, गार बाजू बंद केली. आधी गारच पाणी आलं. मग कोमट. मग चटका बसेल असं. बाथरूम वाफेनं भरलं, आरसा दिसेनासा झाला. अक्का खाली येऊन दारात उभी राहिली. पदर भिजलेला, कपाळावर थेंब.

"घे," ती म्हणाली. "आता कर आंघोळ."

"तू कर," मी म्हणालो.

हे तोंडातून निघालं आणि मला आमच्या गावच्या घरामागचं परसू आठवलं. उसाच्या पाचटाच्या जाळावर हंडा असायचा. आई पहाटेच शेतात जायची आणि बारा वर्षांची अक्का सगळ्यांना पाणी काढून द्यायची. आजोबा, वडील, काका, मग आम्ही भावंडं. मला ती दगडावर बसवून खसाखसा घासायची. शेवटी तिची पाळी. तोवर जाळ विझलेला असायचा आणि हंड्यात तळाला तांब्याभर पाणी. त्यात ती आडाचं गार पाणी ओतून घ्यायची. इतक्या वर्षांत हे मला कधी दिसलं कसं नाही?

"मी घरातनं आंघोळ करून आलोय," ती म्हणाली.

"परत कर. कुणी रांगेत नाही. टाकी भरलीय."

ती जरा वेळ वाफेकडं बघत राहिली. मग मी बायकोची धुतलेली साडी आणून दिली आणि तिनं दार लावलं.

मी बाहेर पेपर घेऊन बसलो. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पेपरातलं एक अक्षर मी वाचलं नाही. मला वाटलं, कुणीही बोलवू नये, दाराची बेल वाजू नये, हा आवाज असाच चालू राहावा.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. "लई येळ लावला," एवढंच म्हणाली. पिठलं-भात खाल्ला आणि जरा पाठ टेकतो म्हणून चटईवर आडवी झाली. अक्काला दिवसा झोपलेली मी कधीच बघितली नव्हती. ती झोपली ती तीन तास. खिडकीतलं ऊन तिच्या पायांवरून भिंतीवर गेलं. कुरुंदवाडची परतीची गाडी निघून गेली. मी तिला उठवलं नाही.

पाचला ती दचकून उठली. "उजाडलं व्हय?"

"संध्याकाळ झाली. आज राहा."

तिनं दाजींना फोन लावला. "आज म्हशींचं तुमी बघा. मी उंद्या येतो." पलीकडून दाजी काळजीनं काहीतरी विचारत होते. "न्हाय, काय झालं न्हाय. बरी हाय मी. आंघोळ केली, झोप लागली." जरा थांबून ती मोठ्यानं म्हणाली, "आंघोळ केली म्हंतोय की!"

तिनं फोन ठेवला, मोकळे केस हातानं मागं सारले आणि मला म्हणाली, "च्या टाक."