तुळसीअक्काने न केलेली सही

गिंडीतल्या आमच्या औषधांच्या प्रयोगशाळेत तुळसीअक्का बावीस वर्षं डुकरांच्या कानांची कातडी सोलत होती. तंजावरकडच्या मराठी घरातली, सोवळ्यात वाढलेली बाई. कसायाकडून कान आणायचे, कातडीमागची चरबी खरवडायची, प्रत्येक तुकडा खिडकीशी धरून पाहायचा आणि वहीत ‘कातडी अखंड’ लिहून सही करायची. दरवर्षी नवं कंत्राट. कायम कुणी केलं नाही. काम हवं, माणूस नको, ही आमच्याकडची रीत.

डुकराची कातडी बरीचशी माणसासारखी, म्हणून त्या कातडीवर मी माझं जेल लावून पाहायचे. संधिवाताचं एक औषध गोळीतून घेतलं तर फारसं अंगी लागत नाही. ते चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून कातडीतून आत सोडायचं, हा माझा खटाटोप. दोन वर्षं ते ढिम्म आत जात नव्हतं. एकदा अक्का रजेवर होती म्हणून कातडी मीच घाईघाईने खरवडली, आणि औषध धो धो पलीकडे उतरलं. आमचे प्रमुख जयतीर्थ सर खूश झाले. जेल आता रुग्णांवर वापरून पाहायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. तिने तोच तुकडा ताटलीतून उचलला, भांड्यावर ताणून धरला आणि वर नुसतं पाणी घातलं. खाली थेंब जमले.

“पाहा कण्णा, पाणीसुद्धा जातंय,” ती मला तिच्या नेहमीच्या लाडाच्या हाकेने म्हणाली. “ब्लेड लागलंय. मग औषधाचं काय कौतुक?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कातडी सोलणाऱ्या बाईने मला संशोधन शिकवू नये, असं मी सगळ्यांदेखत तिला सुनावलं.

सरांनी तो तुकडा केराच्या पिशवीत टाकला आणि वही अक्कापुढे सरकवली. तिच्या नव्या कंत्राटाचा कागद आपल्याच टेबलावर आहे, याची आठवणही करून दिली.

“दुखणाईत माणसं गोळी सोडून हे चोळत बसतील, सर,” अक्का म्हणाली. “मी सही करणार नाही.”

महिनाअखेर तिला काढलं. निरोपाचा साधा चहासुद्धा कुणी दिला नाही. सरांचा मला राग येतोच. पण स्वतःची इतकी चीड येते की आरशात बघवत नाही. कारण ती गेल्यावर सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. ‘कातडी अखंड’, मी लिहिलं, आणि खाली सही केली.